माडीवरची रेडिओखोली: आधी भिंत, मग सेट

मागच्या वेळी लिहिलं होतं की आधी चारही जुने व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ सेट बोलते करतो, वायरिंगचं नंतर बघू. हा क्रम साफ चुकला. गेले दोन महिने सोल्डरिंग आयर्न बाजूला आहे आणि हातात हातोडी-छिन्नी.

सुरुवात झटक्याने झाली. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशा नंबरांच्या चार व्हॉल्व्हचा, बिनट्रान्सफॉर्मरचा, थेट मेनवर चालणारा एसी-डीसी सेट. त्याचं स्वतःचं बटण कायम चालू ठेवून मी भिंतीवरच्या बटणानेच चालू-बंद करायचो. चालू असताना नॉबला कितीदा हात लागला, काही झालं नाही. त्या दिवशी भिंतीवरचं बटण बंद केलं, नॉब ओढून काढण्यासाठी बोट खालच्या स्क्रूवर टेकलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. टेस्टर लावला: सेट चालू असला की चॅसी (आतला पत्र्याचा सांगाडा) थंड, बंद केला की टेस्टर लख्ख पेटतो.

यात जादू काही नाही. या सेटमध्ये मेनची एक तार थेट चॅसीला असते. दुसरी ड्रॉपरमधून, म्हणजे जास्तीचे व्होल्ट खाणाऱ्या रेझिस्टरमधून, हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांच्या) साखळीत जाते आणि साखळीचं दुसरं टोक परत चॅसीलाच. माझ्याकडे चॅसीला न्यूट्रल आलेला, म्हणून चालू असताना सगळं गोड. पण भिंतीवरचं बटण न्यूट्रलच तोडत होतं. ते बंद केलं की चॅसी न्यूट्रलपासून सुटायची आणि फेज ड्रॉपर-हीटरमधून फिरून चॅसीवर येऊन बसायचा. वाटेत हजार-दोन हजार ओहम असले तरी माणसाच्या अंगापुढे ते काहीच नाहीत.

(ड्रॉपरचा हिशोब असा: चारही हीटर १०० मिलिअँपिअरचे. १९, १९, ५० आणि ३८ मिळून १२६ व्होल्ट. २३० मधले उरलेले १०४ ड्रॉपरवर, म्हणजे १०४० ओहम आणि साडेदहा वॅट उष्णता. पाच वॅटचा रेझिस्टर लावून ‘चालतंय की’ म्हणू नका.)

शेजारच्या वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी गोल ब्लॉकवरचं बटण खोललं आणि हसले. “अरे, बटण न्यूट्रलमध्ये आहे तुझं. पूर्वी दिवा लागला की काम झालं, कोण बघत होतं?” लाकडी केसिंगची पट्टी काढली तर आत जुनी तीन-बावीस, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, वर रबर आणि त्यावर सुती वेष्टण. रबर बोटाने चुरल्यावर बुक्क्यासारखं गळालं. आतल्या तारा मात्र पांढऱ्या आणि चकचकीत, कारण रबरातलं गंधक तांब्याला लागू नये म्हणून त्यांना कल्हई केलेली असे. मला त्या तारांचंच कौतुक वाटत राहिलं. काकांनी मेगर (तारेवरचं वेष्टण किती धड आहे ते मोजणारं यंत्र) फिरवला आणि कौतुक थांबलं: ५०० व्होल्टला किमान एक मेगओहम हवा, इथे ०.२.

माडीवरच्या जुन्या वायरिंगमधलं काही ठेवलं नाही. खोलीसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र सर्किट ओढलं: लाल, काळी, हिरवी, तिन्ही अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या. चार सेट एकत्र लावले तरी भार अडीचशे वॅटच्या आतबाहेर, त्यामुळे तार जाडच झाली. असू दे. तीन पिनांचे सहा सॉकेट, प्रत्येकाला स्वतःचं बटण, आणि प्रत्येक बटण फेजमध्येच आहे हे मी स्वतः टेस्टर लावून पाहिलं. दोन पिनांचा प्लग या खोलीतून हद्दपार. तो उलटा घातला की चॅसीवर थेट फेज.

अर्थिंगने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. जुन्या बोर्डात तिसऱ्या पिनला न्यूट्रलचीच तार जोडून दिलेली होती. तो न्यूट्रल कुठे सुटला असता तर मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांचे पत्रे फेजवर. परसात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून प्लेट पुरली. पण त्या बोर्डातली जोडणी काढायची राहून गेली आणि तिथेच नवी अर्थिंग दिली. आईने मिक्सर लावला की नवा आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की वीज तोडणारं बटण) खाडकन पडायचा. न्यूट्रलचा करंट दोन वाटांनी परत जात होता, आणि आरसीसीबीचं काम नेमकं तेच पकडणं. मी मात्र दोन दिवस मिक्सरला दोष देत होतो.

अर्थिंग मोजल्यावर ९ ओहम भरली. काकांना ती चांगली वाटली, मला पुढचा हिशोब टोचला. फेज पत्र्याला लागला तर ९ ओहममधून जेमतेम २५ अँपिअर जाणार. सहा अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला (फ्यूजऐवजी बसवतात त्या, करंट जास्त झाला की पडणाऱ्या बटणाला) तत्काळ पडायला ३० ते ६० लागतात. म्हणजे एमसीबीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. सी प्रकार का घेतला? आधी बी होता. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर जो मोठा करंट खेचला जातो, त्याने तो चार वेळांतून एकदा पडायचा.

हा ट्रान्सफॉर्मर, २३० ला २३०, पाचशे व्हीएचा, म्हणजे व्होल्टेज तेवढंच ठेवून सेटला मेनपासून वेगळा करणारा, आता टेबलाखाली आहे. बिनट्रान्सफॉर्मरचा सेट उघडायचा तो याच्यावरच, आणि एका वेळी एकच. दोन लावले तर दोन चॅसींच्या मध्ये सापडाल. त्याच्या पुढे आरसीसीबी आंधळा असतो हेही ध्यानात ठेवा: एक हात चॅसीवर आणि दुसरा एचटीवर (व्हॉल्व्हच्या उच्च दाबाच्या पुरवठ्यावर) गेला तर तो पडणार नाही. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) म्हणजे आयसोलेशन नव्हे, हे तर मी टेबलावर खडूने लिहून ठेवलंय.

सिरीज बोर्डही, म्हणजे सेटच्या वाटेत बल्ब घालणारा बोर्ड, नव्याने केला. १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब, शेजारी बायपासचं बटण. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. बऱ्याच वर्षांनी सुरू होणारा सेट आधी इथे; बल्ब भडक पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

व्होल्टेजचं एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे रात्री अकरानंतर मीटर २५० दाखवतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटचा टॅप (मेनचं व्होल्टेज निवडायची जोडणी) २२० वर होता, म्हणजे ६.३ व्होल्टच्या हीटरला ७.१६ व्होल्ट मिळत होते. २४५ च्या टॅपवर नेला, आता ६.४३. मागच्या मालकाने व्हॉल्व्ह सारखे का बदलले असतील ते कळलं.

खरखर मात्र वायरिंगने फारशी गेली नाही. स्वतंत्र सर्किटमुळे ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे स्वच्छ लागेल अशी आशा होती. शेवटी खरखर कुठून येते ते शोधायला सेलवरचा ट्रान्झिस्टर हातात घेऊन एकेक एमसीबी पाडत गेलो. जिन्यातला एलईडी बल्ब आणि इन्व्हर्टर, दोन्ही गुन्हेगार. बल्ब बदलला. इन्व्हर्टर संध्याकाळी तासभर बंद ठेवायची परवानगी घरातून मिळाली आहे, मॅच नसेल तर.

एक गुरगुर अजून आहे. ती फक्त स्टेशन लागल्यावर येते, मधल्या जागेत सेट शांत. म्हणजे फिल्टरचे कंडेन्सर ठीक आहेत, रेडिओलहरी मेनच्या तारेतून रेक्टिफायरपर्यंत (एसीचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत, इथे यूवाय ८५) येतायत. त्याच्या दोन टोकांवर ०.०१ मायक्रोफॅरडचा, हजार व्होल्टचा कंडेन्सर लावून बघायचा आहे. झटका दिलेल्या त्या नॉबच्या स्क्रूवर कारखान्यातून मेण भरलेलं असायचं, ते कधीच पडून गेलेलं. मेणबत्ती वितळवून तेवढं आज भरलं.