रिकाम्या टाकीशेजारचा टाका

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले आणि ओसरले. त्यानंतरची दोन-तीन वर्षे उद्यमनगरातील माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये खालून गंजलेल्या गाड्यांची रीघ लागली होती. पाणी गेले तरी चेसीसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या पोकळीत बसलेला गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खात जातो. मागच्या सीटखालचा पत्रा त्यात हमखास सापडतो आणि बहुतेक मोटारींची पेट्रोलची टाकी नेमकी तिथेच असते.

अशा वेळी गाडीमालक हटकून म्हणतात, "मिस्त्री, टाकी रिकामीच हाय की, मारा एक टाका." मी तो वेल्डिंगचा टाका मारत नाही. पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की एक ठिणगी पुरते. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. उलट पेट्रोल काढून घेतलेल्या, झाकण उघडे राहिलेल्या टाकीत हवा शिरते आणि तळाशी उरलेल्या वाटीभर पेट्रोलातूनही ते प्रमाण जुळून येते. म्हणून टाकीवर ओले पोते टाकून शेजारी वेल्डिंग करण्याची पद्धत मला मान्य नाही. टाकी खाली उतरवावी आणि शेडबाहेर दूर ठेवावी. टाकीच गळत असेल तर मी नवी बसवायला सांगतो, कारण पाण्याने कितीही विसळली तरी सांध्याच्या घडीत अडकलेले पेट्रोल आच लागताच पुन्हा वाफ होऊन बाहेर येते.

टाकी उतरवली की काम सुरक्षित झाले, असे मीही एकदा समजलो होतो. एका व्हॅनची टाकी बाहेर नेली होती, पण इंजिनाकडे जाणारा रबरी पाईप चेसीसला तसाच लोंबत होता आणि त्याच्या तोंडातून थेंब थेंब पेट्रोल फरशीवर पडत होते. पहिल्याच टाक्याला हातभर ज्वाळ उठली. माझ्या मदतनीसाने ओले गोणपाट टाकले म्हणून ती तिथेच विझली. माझ्या मनगटावरचे केस मात्र जळाले आणि तो वास अजून विसरलेलो नाही. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून इंजेक्शनच्या, म्हणजे विजेच्या पंपाने दाबाखाली पेट्रोल पुरवणाऱ्या गाड्यांत आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे पाईपमधला दाब उतरतो. मग पाईपांची तोंडे बूच मारून बंद करतो, सांडलेले पुसून ती फडकी बाहेर नेतो आणि दारे उघडी ठेवतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. त्यामुळे पिटवर, म्हणजे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर उभ्या असलेल्या गाडीला मी वेल्डिंगचा होल्डर लावत नाही.

सीएनजीचा स्वभाव उलटा आहे. तो हलका असल्यामुळे वर जाऊन छताच्या पत्र्याखाली जमतो, आणि सिलिंडरमध्ये भरताना त्याचा दाब २०० बारपर्यंत असतो. तो सिलिंडर अधिकृत सीएनजी कारागिराने काढून दिल्याशिवाय मी गाडी आत घेत नाही. डिझेलच्या बाबतीत लोक फार निर्धास्त असतात, पण तापलेल्या पत्र्याशी डिझेलही वाफ सोडते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा टाक्यापासून वीतभर अंतरावर, घासून चकचकीत केलेल्या पत्र्यालाच लावतो. तो दूर लावला तर करंट परतताना वाटेत सापडेल त्या पाईपमधून, बेअरिंगमधून जातो आणि सैल सांध्यावर भलतीकडेच ठिणगी पडते. ग्राइंडरच्या ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत उडतात, म्हणून तेवढ्या टापूतले सगळे हलवावे लागते.

पत्र्याच्या दुसऱ्या बाजूचा विसर फार जणांना पडतो. आतला गालिचा, फोम, खालचे डांबरी कोटिंग हे सारे ज्वाळ न दिसता धुमसत राहते. वेल्डिंग चालू असताना मदतनीस आत पावडरचे अग्निशामक घेऊन बसतो, आणि काम संपल्यावर आम्ही दोघेही तासभर तिथून हलत नाही. उलटा तळहात लावून पत्रा पूर्ण निवल्याची खात्री झाली, की मगच टाकी आत येते.