आमचा बर्फ जरा पिवळा असायचा

डिसेंबर लागला की आमच्या चर्चच्या महिला मंडळाचं पहिलं काम ठरलेलं असायचं. नाताळच्या झाडासाठी कुणाच्या शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, उंच आणि भरदार आहे, ते हेरून ठेवायचं. जालन्याच्या आसपास सूचीपर्णी झाड आणायचं कुठून? सुरूची झाडं सरकारी आवारात, तिथे फांदीला हात लावायची सोय नाही. मोरपंखी कुणाच्या तरी दारात असते आणि त्या घरची बाई गेल्या वर्षीच चिडलेली असते. पऱ्हाटीला मात्र कुणी नाही म्हणत नाही. तोवर कापसाच्या बहुतेक वेचण्या झालेल्या असतात, पानं गळालेली असतात, आणि शेतकऱ्याला ते शेत मोकळंच करायचं असतं. उलट तो विचारायचा, "एकच नेता व्हय? गाडीभर न्या की!"

नाताळच्या आधीच्या शनिवारी दुपारी सगळ्याजणी लेकराबाळांसह चर्चमागच्या हॉलमध्ये जमायच्या. पाळकबाई फळ्यावर खडूने ५० रुपये असा आकडा लिहायच्या. हा खर्चाचा कडेलोट, यापुढे एक पैसा नाही. पुढे महागाईप्रमाणे तो आकडा वाढत गेला, पण फळ्यावर लिहायची पद्धत मोडली नाही. आत्ता वाटतं, त्या आकड्यामुळेच आम्ही जमायचो. पैसे असते तर कुणीतरी एकाने बाजारातून सामान आणून लावून टाकलं असतं आणि आम्हाला २४ तारखेला संध्याकाळी नुसतं बघायला बोलावलं असतं.

जालना ही जुनी छावणी. स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात शहराजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्यामुळे मराठी ख्रिस्ती घरं या भागात पिढ्यानपिढ्या आहेत. झाडाची रीत मुळात जर्मनांची. व्हिक्टोरिया राणीच्या घरच्या सजवलेल्या झाडाचं चित्र १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि मग इंग्रजांच्या घरोघरी झाडं उभी राहिली. आमच्यापर्यंत ती आली बहुधा भेटकार्डांवरून. बर्फ, बर्फातली घसरगाडी, लाल गालांची पोरं. आमच्यातल्या एकीनेही बर्फ पाहिलेला नव्हता, पण झाडावर तो पाहिजेच, यावर मात्र एकमत होतं.

तो बर्फ म्हणजे कवडी कापूस. शेवटच्या वेचणीचा, डागाळलेला, किडका. व्यापारी तो हातात घेऊन नाक मुरडतो आणि कवडीमोलाने मागतो. शेतकरी त्याला देण्यापेक्षा आम्हाला फुकट द्यायचा. तो पिंजून पऱ्हाटीच्या फांद्यांवर पसरला की जे दिसायचं त्याला बर्फ म्हणायला मोठं मन लागायचं. एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्या बाईंनी विचारलं, "हा असा पिवळा का?" आमच्या कोषाध्यक्ष मावशींनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "आमच्याकडं ऊन लई असतं." पऱ्हाटीवर न उमललेली काही बोंडं राहिलेली असायची. ती तशीच ठेवायची. दोन-तीन दिवसांत हॉलच्या उबेने त्यातलं एखादं उकलायचं आणि लेकरं ओरडत यायची की झाडाला नवा बर्फ आला.

शोभेच्या वस्तू घराघरांतून यायच्या. दिवाळीचा आकाशकंदील फाटला असेल तर त्याच्या झिरमिळ्या, आगपेट्या, अगरबत्तीच्या पुड्यातला चमकता कागद, फुटलेल्या बांगड्या (लोकर गुंडाळली की त्यांची सुरेख कडी होतात). पण खरा खजिना म्हणजे लग्नपत्रिका. मे महिन्यापासून प्रत्येक घरात गठ्ठा साठलेला असायचा. जाड कागद, सोनेरी कडा, लाल शाई. घडी घालून कापलं की देवदूत, उलटं कापलं की घंटा. आता गावात लग्नं सगळ्यांचीच, पत्रिकाही सगळ्यांच्याच. त्यामुळे आमचे निम्मे देवदूत पाठमोरे वळले की पाठीवर "श्री गणेशाय नमः" असायचं, आणि एका घंटेवर "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" तरुण संघातल्या एकाने हे चालेल का म्हणून पाळकांना विचारलं. ते म्हणाले, दोरा आखूड बांधा, म्हणजे फिरणार नाहीत. प्रश्न मिटला.

चिकटवायला खळ. मैदा पाण्यात कालवून, मंद आचेवर ढवळत शिजवायचा. किडामुंगी लागू नये म्हणून बुकबाइंडर त्यात मोरचूद घालतात, पण आमच्याकडे ते बंद केलेलं होतं, कारण मोरचूद विषारी आणि आमची अर्धी पोरं खळ चाटायची. त्याऐवजी दर वर्षी नवी खळ. उरलेली पाळकबाईंच्या कोंबड्यांना.

सगळ्यात मान ताऱ्याचा. हे काम शाळेतले एक निवृत्त मास्तर करायचे आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बुरडाकडून बांबूच्या दहा कामट्या आणायच्या, सगळ्या एका लांबीच्या. पाच कामट्यांची एक चांदणी, तशा दोन. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने आवळायची. मग आतल्या पाच सांध्यांत वीतभर काड्यांचे टेकू सारायचे की चांदणी फुगते आणि आत दिवा मावेल इतकी जागा होते. टेकूंना तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, चालते, हलकी असते. पण कामट्यांच्या जागी तुराटी वापरली की ताण पडताच कडकन मोडते. हे मास्तर दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी कुणीतरी तुराट्यांचा तारा करून मोडून दाखवायचं. वर पतंगाचा कागद. संक्रांत जवळ आलेली असल्यामुळे दुकानांत पतंगी कागद याच दिवसांत येतो, स्वस्त असतो आणि त्यातून उजेड छान झिरपतो. आत झिरोचाच बल्ब. मोठा बल्ब लावला की कागद करपतो, आणि करपलेला तारा येशूच्या जन्मगावी, बेथलेहेमला काय, गल्लीच्या तोंडापर्यंतही नेत नाही.

झाडावरच्या दिव्यांची माळ उसनी असायची, शेजारच्या गणेश मंडळाची. गणपतीत आमच्या पोरांनी त्यांना वर्गणी दिलेली, नाताळात त्यांनी आम्हाला माळ द्यायची, असा अलिखित करार. जुन्या पद्धतीची माळ ती. सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक दिवे एकामागे एक जोडून २३० व्होल्टचा हिशेब बसवलेला. त्यातला एक उडाला की सगळी माळ बंद. मग मंडळाचा एक पोरगा चांगला दिवा खिशात घेऊन एकेका जागी लावून बघत बसायचा, आणि आम्ही भोवती उभ्या राहून "ह्यो नसंल, त्यो बघ" असं त्याला मार्गदर्शन करायचो. भारनियमनाच्या वर्षांत तर माळ लागायची तेव्हा वीज नसायची आणि वीज यायची तेव्हा उपासना संपलेली असायची. मेणबत्त्या झाडावर लावायला सक्त मनाई होती. कापूस आणि मेणबत्ती एकत्र म्हणजे काय होईल हे कापूस पिकवणाऱ्या गावाला सांगायला लागत नाही. मेणबत्त्या परातीत वाळू घालून लांब ठेवायच्या.

गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, लेकरांकडे. छपराला कडबा, कुडाला तुराट्या, खाली माती. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी, नवरात्रात घटाला पेरतात तसे, पत्रावळीत माती घालून गहू पेरायचे. २४ तारखेपर्यंत वीतभर हिरवंगार रान तयार, गव्हाणीभोवती मांडलं की झालं शेत. विसरलं असेल तर ओल्या फडक्यावर आळीव टाकायचे, ते चार-पाच दिवसांत उगवतात. मूर्ती शाडूच्या, पोरांनीच केलेल्या. मरीयेचा नवरा योसेफ, त्याला दर वर्षी फेटा. आमच्या मते सुताराने फेटा बांधायलाच पाहिजे.

एका वर्षी पाळकांनी संडे स्कूलमध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसची गोष्ट सांगितली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचिओ गावी त्यांनी नाताळच्या रात्री खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणीचा देखावा उभा केला होता. गोष्ट सांगून पाळक मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी आमच्या पोरांनी एका काकांच्या गोठ्यातलं वासरू आणून गव्हाणीशेजारी बांधलं. पहिलं भजन संपेपर्यंत त्याने गव्हाचं रान साफ केलं होतं. दुसऱ्या भजनाला छप्पर. "लेकरू भुकेलं व्हतं, खाऊ द्या," म्हणत एक आजी उठल्या आणि त्यांनी उरलेला कडबाही पुढे सारला. त्या वर्षीचा ख्रिस्तजन्म उघड्या आभाळाखाली झाला.

घरची सजावट सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात थोडी. फराळाची कामं चालू असायची. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, म्हणजे दिवाळीचंच, फक्त आता तेलाचा डबा नवा. भिंतींना चुन्याचा हात, दाराला तारा, उंबऱ्यापुढे रांगोळीत पुन्हा तारा. बस. मला अजूनही घराच्या सजावटीत हेच बरं वाटतं. थोडे पैसे असतील तर दहा किरकोळ वस्तू आणून सगळं घर भरण्यापेक्षा दारातला तारा मोठा करावा.

माझा भाचा छत्रपती संभाजीनगरला फ्लॅटमध्ये राहतो. त्याच्याकडे प्लास्टिकचं घडीचं झाड आहे, दर वर्षी माळ्यावरून काढतो. त्यालाही माझा विरोध नाही, टिकतं ते. पण त्याच्या सोसायटीतल्या बायकांनी गेल्या डिसेंबरात पार्किंगमध्ये पऱ्हाटी उभी करायचं मनावर घेतलं आणि मला फोन आला, "मावशी, काय काय लागतं?" मी पत्रिका साठवायला सांगितल्या आणि आणखी एक गोष्ट बजावली. ६ जानेवारीला झाड उतरवलं की पऱ्हाटी कोपऱ्यात उभी करून ठेवू नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात, विदर्भात कापसाची वाताहत केली, आणि ती अळी वाळक्या बोंडांत लपून पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणून कृषी खाते पऱ्हाट्या रचून ठेवू नका म्हणून सांगतं. आम्ही ती बंबात घालायचो. पाळकांच्या घरच्या सगळ्यांच्या त्या दिवशीच्या आंघोळी नाताळच्या झाडावर व्हायच्या.

आमच्या मंडळाच्या जानेवारीच्या बैठकीत कोषाध्यक्ष मावशी हिशेब वाचायच्या. पतंगी कागद, दोरा, सुतळी, मैदा, बुरडाच्या कामट्या, माळेचे दोन जादा दिवे. वासराच्या वर्षी त्यात "कडबा, एक पेंढी" अशी नोंद होती आणि काकांनी ती रक्कम घ्यायला साफ नकार दिला, कारण खाल्लं त्यांच्याच वासराने. मावशी म्हणाल्या, खर्च लिहिलाय तर कुणीतरी घ्यायलाच पाहिजे, माझी वही जुळत नाही. यावर चांगला अर्धा तास वाद झाला. शेवटी त्या पैशांची भजी आणली आणि वहीत "कडबा" खोडून "भजी" लिहिलं.