पान ६१ वरची पेन्सिल

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

पुस्तक मिळालं याचा आनंद व्हायला पाहिजे होता आणि झाला नाही. सकाळपासून तेच डोक्यात आहे म्हणून लिहायला बसले.

वाचनालयात पुस्तक बदलायला गेले तर तिथल्या सरांनी टेबलाखालून माझं ते नेहमीचं पुस्तक काढून समोर ठेवलं. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का, "बाद". म्हणाले, "मॅडम, ही सगळी रद्दीत जायलेत ओ, ठेवायला जागाच नाही. हे तुमच्याशिवाय कोणी नेतच नाही, म्हटलं तुम्हालाच देऊ." पैसेही घेतले नाहीत. मी थँक्यू म्हटलं, पिशवीत घातलं, रिक्षात बसले, आणि पार्क चौक येईपर्यंत डोळे भरून आले होते. रिक्षावाल्याला वाटलं असेल घरी काही झालंय.

तुमच्याशिवाय कोणी नेतच नाही. सर चांगल्या मनानं बोलले, पण ते वाक्य दिवसभर पायात काटा राहिल्यासारखं राहिलंय.

खाकी पुठ्ठ्यात बांधलेलं, कव्हर केव्हाच गेलेलं पुस्तक. गोष्ट अशी की जुन्या वाड्यात दप्तराच्या रुमालात एक मोडी कागद सापडतो, त्यात पुरलेल्या धनाची खूण असते. तो मोडी वाचणारा, ती त्या घरातली मुलगी. सगळी गंमत त्या कागदात आहे. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द कुठं संपला ते दाखवायला जागा सोडत नाहीत, बोरू होईल तेवढा उचलायचाच नाही. त्यामुळे कागदावर "वरतीनदीपाशी" असं सलग येतं. तो वाचतो "वरती नदीपाशी", की झालं, दोघं नदीच्या वरच्या अंगाला भर पावसात फिरत राहतात, घोडं अडकतं, पूर येतो, मागावर माणसं असतात. आणि पान १४८ ला ती एकटी कमानीखाली उभी असताना तिला कळतं की ते "वर तीन दीपाशी" आहे. वर भिंतीत दिवे ठेवायच्या तीन दिवळ्या असतात, काजळी धरलेल्या. मी ते पान कितीदा वाचलंय, दरवेळी अंगावर काटा येतो.

पण पान ६१ ला, कागद पहिल्यांदा येतो तिथं, समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहून मध्ये दोन बारीक उभ्या रेघा मारल्यात. वर । तीन । दीपाशी. नायिकेच्या सत्त्याऐंशी पानं आधी! बाकी काही नाही, नाव नाही, शेरा नाही. अक्षर जुन्या वळणाचं, पेन्सिल इतकी दाबलेली की पान उलटून बोट फिरवलं तर मागून लागते. आणि पान ९३ ला त्याच पेन्सिलीची नुसती एक उभी ओळ, एका वाक्याशेजारी. पायरी निसटते तेव्हा तो तिला म्हणतो, "कंदील तुमच्याकडं ठेवा, हात तेवढा माझ्याकडं द्या." मला सगळ्या पुस्तकात हेच वाक्य सगळ्यात आवडतं, आणि त्या माणसालाही तेच.

तर इतकी वर्षं मी असं धरून चालले होते की या गावात कुणीतरी आहे. नवी पेठेत साडी बघताना शेजारी उभं असेल, गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत धक्का लागला असेल, ज्याला कोडं माझ्या आधी सुटलं आणि तरी ज्यानं पुढची सगळी पानं वाचली. आज सरांनी सांगितलं, कोणी नाही. पुस्तकाच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर २०१२ पासूनचे अकरा शिक्के आहेत, अकराही माझे.

मग मी कुणासोबत वाचत होते?

घरी माझ्या या गुप्तधनाच्या पुस्तकांना "आईचा खजिना" म्हणतात, प्रेमानंच म्हणतात. पण बसून कुणी विचारलं नाही की यात आहे काय. यांनीही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला सोन्याच्या हंड्यात काही गोडी नाही. खजिना नसता तर त्या दोघांना रात्री एका कंदिलाच्या उजेडात उभं राहायला दिलं कुणी असतं? धन शोधायचंय म्हणून ते सोबत चालतात, एकमेकांना अहो-जाहो करतात, कोरडी भाकरी वाटून खातात, आणि प्रेम हा शब्द पुस्तकभर कुणी उच्चारत नाही. मला ते चालणं हवं असायचं. जाऊ दे.

नळदुर्गच्या किल्ल्यावर गेलो होतो त्या वर्षी, नर-मादी धबधबे सुरू झाल्यावर, सगळे कणसं खात फोटो काढत होते आणि मी पाणी महालात भिंती बघत होते. १६१३ सालचं काम, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच खोली काढलीय, बाहेर पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. मी दिवळ्या शोधत होते, वर, तीन. कुणाला सांगितलं नाही. त्या पेन्सिलवाल्याला सांगितलं असतं.

मला खरं तर लहानपणापासून हे लागलेलं. मी पायाळू, उलटी जन्मले, म्हणून गल्लीत कुणाची पाठ धरली की मला बोलावणं यायचं, उसण भरलेला माणूस पालथा पडायचा आणि मी पाठीवर पाय द्यायचे, बदल्यात गूळ-शेंगदाणे. आजी म्हणायची पायाळूला जमिनीतलं धन दिसतं. मी उन्हाळ्यात दुपारी सगळे झोपले की परसात एकटक बघत उभी राहायची. आता पेपरात गुप्तधनापायी लेकराबाळांचं काही केल्याची बातमी येते तेव्हा पोटात कालवतं, २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा झाला तरी अजून येतेच. त्या लोभाचा आणि या पुस्तकांचा एका वाक्यात उल्लेख केलेला मला सहन होत नाही.

संध्याकाळी धाकटा म्हणाला, "मग रडायलीस कशाला, दुसरी चांगली कॉपी ऑनलाइन मागवू की." त्याला मी "ट्रेझर आयलंड" लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचं सांगितलं. १८८१ मध्ये स्कॉटलंडात पावसानं घरात कोंडलेल्या सावत्र मुलाबरोबर त्यानं एका बेटाचा नकाशा रंगवला, त्या नकाशातूनच अख्खी कादंबरी निघाली, आणि पुस्तक छापायच्या वेळी प्रकाशकाला नकाशा पोचलाच नाही, हरवला. त्यानं पुस्तकातले सगळे उल्लेख ताडून नवा काढून दिला. पण पुढं त्यानंच लिहून ठेवलंय की हा नवा नकाशा काही त्याला आपलं ते बेट वाटला नाही. तर दुसरी कॉपी नको मला.

नऊला जेवणं झाली, चहाला आधण ठेवलं आणि पुस्तक हातात घेतलं तर मागच्या चिठ्ठीचा कोपरा सुटलेला दिसला. खाली अजून एक कागद. एवढी वर्षं हातात आहे आणि हे दिसलं नव्हतं, परतीची तारीख बघायची आणि मिटायचं. खळ लावून चिकटवलेलं, वाफेवर धरलं तर सुटेल असं वाटलं. आधी हात होईना. पुस्तक आता माझं आहे, फाटलं तर फाटलं, असं स्वतःला सांगितलं आणि धरलं. एका हातानं पानं दाबून, दुसऱ्या हातानं नखानं, तांदळाएवढं तांदळाएवढं सोडवत. चहा आटून गेला. अर्धी चिठ्ठी निघाली, अर्धी निघेना.

खाली तारखांचे शिक्के आहेत. नुसत्या तारखा, सभासद क्रमांक नाहीत. बरेच पुसलेत, पण तीन स्वच्छ वाचता येतात. १९ जून ८९. ४ जुलै ८९. १९ जुलै ८९.

पंधरा-पंधरा दिवसांनी. म्हणजे कुणीतरी नेलं, परत केलं आणि त्याच दिवशी पुन्हा लावून घेतलं, एका पावसाळ्यात सलग. मीही असंच करते, परत द्यायला जाते आणि देताना जीव होत नाही. हीच व्यक्ती पेन्सिलवाली कशावरून, हे मलाही कळतं. तारखा एकाच्या आणि पेन्सिल दुसऱ्याची असू शकते, तिन्ही तारखाही वेगळ्या माणसांच्या असतील. पण मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं "अगं बाई" म्हटलं, धाकटा पळत आला.

त्याला दाखवलं. तो लॉला आहे, त्यामुळे त्याचं लगेच सुरू झालं. १८७८ चा कायदा आहे म्हणे आपल्याकडं, जमिनीत दहा रुपयांच्या वर काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं, मूळ मालक पुढं आला नाही आणि आपसात काही ठरलेलं नसलं तर शोधणाऱ्याला तीन भाग आणि जागेच्या मालकाला एक. मी विचारलं, मग यात कोण शोधणारा? त्यानं पान ६१ उघडलं, पेन्सिलीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे. तू जागामालक, आई. चार आणे तुझे."

ते ऐकून सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. चार आणे पुष्कळ झाले. सरांवरही राग नाही आता, राग नव्हताच, पण जे काही होतं ते उतरलं. पुस्तक रद्दीच्या गाडीत जाणार होतं, ते माझ्या घरी आलंय. बारा आण्यांचा धनी कुठं असेल, असेल का... असो.

मग धाकट्यानं विचारलं, "नदीपाशी काय होतं पण?" मी सांगणार नाही म्हटलं, वाच म्हटलं. उद्या बघू म्हणाला. नाही वाचलं तरी चालेल, विचारलं तरी.

सुटलेली चिठ्ठी तशीच आत ठेवलीय. पेन्सिल शोधली, सापडली, टोक केलं, आणि पान ९३ ला त्या ओळीशेजारी माझी एक ओळ मारली, बारीक, त्यांच्या ओळीला लागू न देता.

आज पाण्याचा दिवस आहे, दोनच्या आधी काही यायचं नाही आणि पिंप भरल्याशिवाय झोपताही येणार नाही. मधे तीन तास आहेत. पहिल्या पानापासून काढते.