दुपारनंतरची चुरी

नोव्हेंबर 2023. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी तोडणीला येणारं पीक, ऐन भरात होता. नागपुरातल्या कळमन्याजवळच्या संत्रा पॅकिंग सेंटरवर मी हजेरी आणि क्रेटचा हिशोब लिहिते. त्या दिवशी बांगलादेशची गाडी भरणं चालू होतं. धुऊन, वाळवून, मेण लावलेली फळं बेल्टवरून येत होती आणि पारडी-भरतवाड्याच्या बाया दोन्ही बाजूंनी बसून डागी फळ बाजूला काढत होत्या, क्रेट भरत होत्या. मजुरी क्रेटमागे.

जेवणाच्या सुटीआधी शेठचा फोन वाजला. पलीकडच्या व्यापाऱ्यानं माल नको म्हणून सांगितलं. 2019 साली बांगलादेशात आपल्या संत्र्यावर किलोला 20 टका (टका म्हणजे तिकडचं चलन) आयात शुल्क होतं, ते वाढत वाढत 88 वर गेलेलं. त्या भावात तिकडचं गिऱ्हाईक संत्र्याला हात लावत नव्हतं. बाजारात कुणी म्हणे, त्यांच्याकडे डॉलरची टंचाई आहे. कुणी म्हणे, आपण ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं त्याचा हा राग. कारण काही असो, गाडी पेट्रापोलच्या सीमेवर सडवण्यापेक्षा इथेच उतरवलेली बरी, असं शेठनं ठरवलं.

पण देशातल्या व्यापाऱ्याला मोठं, चकचकीत फळ लागतं. बांगलादेशला मध्यम फळही चालायचं. म्हणजे बांधलेले क्रेट पुन्हा उघडा, पुन्हा छाटा. सकाळी जे फळ ‘मध्यम’ म्हणून क्रेटात गेलं, तेच दुपारी चुरीच्या ढिगात पडायला लागलं. चुरी म्हणजे छाटून टाकलेलं बारीक फळ, रसवाल्याला कवडीमोल.

बेल्टच्या तोंडाशी बसणाऱ्या काकूंनी एक फळ हातात धरून मला विचारलं, “काहून वो ताई, सकाळी चांगला होता, आता चुरी झाला?”

मी शुल्काचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुद्द्यावर आल्या. “अन आमचे सकाळचे क्रेट?”

शेठचं म्हणणं, जो क्रेट गाडीतून गेला तोच मोजायचा. काकू उठून उभ्या राहिल्या. “संत्रा तोच, हात आमचेच. ढाक्यात काय झालं ते तुमचं तुम्ही पाहा. आमचे क्रेट लिहा.” बेल्ट थांबला. मी सकाळचे आणि दुपारचे, दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि वही शेठपुढे ठेवली. बरीच घासाघीस झाल्यावर सकाळच्या क्रेटचे निम्मे पैसे मिळाले.

हमालांना मात्र भरणी आणि उतरणी, दोन्हींची मजुरी बिनबोभाट मिळाली. आमच्याकडच्या हमालांची माथाडी मंडळात नोंद आहे, 1969 चा कायदा त्यांच्या पाठीशी आहे. छाटणीच्या बायांची नोंद आहे ती फक्त माझ्या वहीत, आणि ती वही शेठची.

पुढे राज्य सरकारनं निर्यातदारांसाठी अनुदान जाहीर केलं, शुल्काच्या निम्म्याइतकं. तेही निर्यात झालेल्या किलोवर. जो माल गेलाच नाही, त्याच्या दुहेरी छाटणीचा हिशोब त्यात कुठून येणार? पुढच्या वर्षी शुल्क किलोला 101 टका झालं. हंगामाच्या सुरुवातीलाच काकूंनी सगळ्या बायांना घेऊन शेठकडून कबूल करून घेतलं: मजुरी रोजावर, क्रेटवर नाही. शेठनं ऐकलं, पण बेल्टच्या एकाच बाजूच्या बाया ठेवल्या.