बर्फातले साडेसहा तास

पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीत यजमानांचे नाव लागून सात महिने झाले होते, तेव्हा एका पहाटे समन्वयक ताईंचा फोन आला, की सोलापुरात मेंदूमृत दात्याचे यकृत मिळण्याची शक्यता आहे, रुग्णाला उपाशीपोटी घेऊन या. याआधी एकदा असेच धावत जाऊन आम्ही हात हलवत परतलो होतो; त्या यकृतात चरबी फार होती, आणि चरबीचे यकृत थंडीत नीट तग धरत नाही.

या वेळी यकृत चांगले निघाले. रक्तपुरवठा थांबताच त्यात थंड द्रावण सोडून रक्त धुऊन काढतात आणि ते एकात एक अशा पिशव्यांत बांधून बर्फाच्या पेटीत ठेवतात. साधारण चार अंशांवर पेशींची भूक मंदावते, पण थांबत नाही, म्हणून घड्याळ चालूच राहते. ग्रीन कॉरिडॉरमधून, म्हणजे पोलिसांनी वाहतूक अडवून मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याने, पेटी येत असताना इकडे यजमानांचे पोट उघडलेले होते, कारण पेटीला थिएटरबाहेर ताटकळत ठेवणे परवडणारे नसते. यकृत बर्फात एकूण साडेसहा तास होते.

माझी समजूत अशी, की रक्त सुरू झाले की सुटलो. खरी इजा तेव्हाच होते, हे मला सर्जननी नंतर सांगितले. उपाशी पेशींना एकदम प्राणवायू मिळाला की त्यांतून घातक रेणू सुटतात आणि सूज येते. शिवाय द्रावणात पोटॅशियम भरपूर असते, ते तसेच हृदयाकडे गेले तर हृदय थांबू शकते. म्हणून रक्त सोडण्याआधी यकृत पुन्हा धुतात. तरीही त्या मिनिटांत यजमानांचा रक्तदाब कोसळलाच, आणि भूलतज्ज्ञांनी तो सावरला. पित्त टेबलावरच झिरपू लागले, हे सांगताना मात्र सर्जनचा चेहरा खुलला होता.

दुसऱ्या दिवशी एसजीओटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, १६४० पाहून माझे हातपाय गार पडले, कारण ऑपरेशनआधी तो शंभरच्या आत होता. डॉक्टर म्हणाले, "काकू, ही बर्फाची आणि रक्ताची इजा कागदावर उमटली आहे, रक्तातले आम्ल म्हणजे लॅक्टेट उतरतोय, रक्त गोठण्याचे माप म्हणजे आयएनआर सुधारतोय, आता हा आकडाही खाली येईल." रोज सकाळी यकृतातला रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर सोनोग्राफी होई आणि मी रिपोर्टची वाट पाहत दाराशी उभी राहत असे. ९१०, मग ४३०. सहाव्या दिवशी त्यांना आयसीयूतून खोलीत आणले, तेव्हा तो १४० होता.