अंगातली सावली

यंदा नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, गावी होतो. यवतमाळकडच्या आमच्या गावात नळ आहे, पण त्या दिवसांत त्याला पाणी कमी आणि हवाच जास्त येते. मग विहिरीची वाट. मोठी माय निघाली तसा मीही एक हंडा खांद्यावर घेतला. घरी पोचेस्तोवर अर्धं पाणी माझ्या सदऱ्यात आणि चपलेत. तिच्या डोक्यावरच्या हंड्यातून एक थेंब सांडला असेल तर शपथ. वर कडुनिंबाची डहाळी तरंगत होती, हिंदकळू नये म्हणून. खाली लुगड्याच्या चिंधीची चुंबळ. पण खरी गंमत डहाळीत नव्हती, पायात होती.

"काऊन रे बापू, कोनी पाठी लागलं का? आधी एक पाय टेकू दे, मंग दुसरा उचल. अन् खांदे काहाले कानाले लावतं?"

मी थबकलो. नेमकं हेच मी शहरात फी भरून ऐकत होतो.

पाठ धरली म्हणून दोनेक महिने ताई-ची, म्हणजे चिनी पद्धतीचा संथ व्यायाम, शिकायला गेलो होतो. तिथल्या सरांचं एकच पालुपद, यिन वाढवा. यांग म्हणजे तापलेलं, वर चढणारं, बाहेर धावणारं. यिन म्हणजे थंड, खाली उतरणारं, आत घेणारं. चालताना एक पाय 'भरलेला', दुसरा 'रिकामा'. सगळं वजन एका पायावर उतरलं की मगच दुसरा उचलायचा. गुडघे सैल, खांदे खाली, श्वास पोटात. मी मान डोलवायचो आणि तसाच धडपडत बस पकडायला पळायचो.

यिन या चिनी अक्षराचा जुना अर्थ आहे डोंगराची सावलीकडची बाजू, हे पुढे कळलं आणि जरा हसू आलं. सावली काय असते ते आम्हाला चीनने सांगावं? पारा पंचेचाळीसला टेकला की बांधावरच्या निंबाखाली माणूस, बैल, कुत्रं सगळे एका रांगेत बसतात, आणि कोणी कोणाला उठवत नाही.

1986 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर एक शोधनिबंध आला होता. आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावर, किंवा कपाळाला पट्टा अडकवून पाठीवर, घेऊन चालायला त्यांना जास्तीची ताकद लागत नाही, असं त्यात दिसलं. मोठ्या मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्याइले म्हणा, रातच्याले मान दाबून द्याले या." खरंच आहे. डोक्यावरचा हंडा ही काही साधना नव्हे, नळाला पाणी नाही म्हणून आलेली पाळी आहे. ती चाल मात्र तिची स्वतःची. हंडा उतरवून ती झाडू मारते, भाकर थापते, तेव्हाही तिचे खांदे तसेच खाली असतात. हात हलतो, बाकी ती बसलेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. मुद्दाम हळू. टाच, मग तळवा, मग सगळं वजन. तेव्हा कुठे दुसरा पाय. निंबाची डहाळीही टाकली होती. वाटेत दोन पोरी हंडे घेऊन मला मागे टाकून गेल्या, वर हसल्या.

अंगणात हंडा उतरवला. मोठ्या मायनं आत डोकावून पाहिलं.

"आज रस्त्याले कमीच पाजलं रे," म्हणाली, आणि माझ्या ओल्या खांद्याकडे पाहत डहाळी झटकून बाजूला ठेवली.