डंपर, गुडघे आणि लक्ष्मीपूजन

२१ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, पाडवा

रात्री झोप म्हणून लागली नाही. सकाळी नवऱ्याला ओवाळताना तो म्हणतो, "अगं हस की जरा, मी काय टोरोंटोचा आहे का?" हसले. पण खरं सांगायचं तर ओवाळणीचं ताट हातात होतं आणि डोक्यात तोच बॉल चालला होता, डावीकडे उंच जाणारा, आणि मग तो कॅमेऱ्यात आलेला टोरोंटोचा कल्ला.

काल लक्ष्मीपूजन होतं. कालच बेसबॉलमधल्या अमेरिकन लीगच्या फायनलची सातवी, शेवटची मॅच होती आणि आमचे सिॲटलचे मॅरिनर्स टोरोंटोकडून ४-३ ने हरले. वर्ल्ड सीरिजपासून, म्हणजे सगळ्यात शेवटच्या मोठ्या फायनलपासून, आठ आऊट लांब होते. फक्त आठ. मेजर लीगमध्ये ३० टीम आहेत, त्यातली एकदाही वर्ल्ड सीरिज न खेळलेली एकच, आणि ती बरोबर आम्ही सिॲटलकर सांभाळून आहोत, १९७७ पासून.

मला बेसबॉल आवडायला लागून दहाएक वर्षं झाली. ऑफिसातून येताना गाडीत रेडिओवर ऐकायचे, मॅरिनर्सचे कॉमेंटेटर रिक रिझ बोलत असतात, त्यांचं ऐकत ऐकत ब्रिजवरचं ट्रॅफिक सरायचं, तशीच सवय लागली. पण हे वर्ष वेगळं गेलं ते सासूबाईंमुळे. मे महिन्यात त्या साताऱ्याहून आल्या, सहा महिन्यांसाठी. पहिल्या आठवड्यात त्यांचं मालिका, लवकर जेवण आणि झोप असं चाललं होतं. मग एक दिवस मी मॅच लावून पोळ्या करत होते आणि त्या सोफ्यावर कापूस घेऊन वाती वळत बसल्या होत्या, तर आतून विचारतात, "काय गं, तो मागं बसलेला माणूस उठतच नाही का?"

तो कॅल रॅली. मॅरिनर्सचा कॅचर.

म्हटलं, नाही आई, त्याचं कामच ते, प्रत्येक बॉलला उकिडवं बसायचं. तर म्हणाल्या, "अगं मग गुडघ्यांचं काय होत असेल त्याच्या!" आईंचं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तीन वर्षांपूर्वी, त्यामुळे जगातल्या कुठल्याही माणसाकडे त्या आधी गुडघ्यापासून बघतात. त्या दिवसापासून त्या कॅलच्या झाल्या. बाकीचे रूल्स हळूहळू कळले, काही अजून कळलेले नाहीत (बॉल फाऊल गेला तरी स्ट्राइक का आणि तिसरा स्ट्राइक तसा का धरत नाहीत, यावर आमचं जूनमध्ये एक पूर्ण जेवण गेलं), पण एक कळलं होतं, हा माणूस रोज दीडशे वेळा उठतो-बसतो आणि मग बॅट घेऊन बॉल बाहेर भिरकावतो.

त्याचं टोपणनाव बिग डंपर. हे आईंना सांगायला मला अवघड झालं, कारण ते त्याच्या बसायच्या भागावरून पडलंय. पण त्यांनी स्वतःच अर्थ लावून घेतला, आपल्याकडं नदीवर वाळूचे डंपर असतात ना तसा दांडगा गडी, म्हणून डंपर. मी दुरुस्त केलं नाही. पोरगा मात्र आजीचं ऐकून जमिनीवर लोळत होता.

आणि काय वर्ष काढलं डंपरनं! जुलैत अटलांटाला होमरन डर्बी, म्हणजे बॉल मैदानाबाहेर मारायची स्पर्धा, जिंकला, कॅचरनं डर्बी जिंकायची ही पहिलीच वेळ. बॉल टाकायला वडील आणि मागे ग्लोव्ह घालून धाकटा भाऊ. आई म्हणाल्या, "हे बघ, ही खरी अंगणातली मॅच." मग ऑगस्टमध्ये त्यानं एका सीझनमधल्या होमरनचा कॅचरचा रेकॉर्ड मोडला, साल्वादोर पेरेझचा ४८ चा. सप्टेंबरमध्ये मिकी मँटलचा ५४ चा, तो १९६१ पासून तसाच होता, दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांमधला. मग ग्रिफीचा ५६ चा, आणि तो तर आमच्या घरचाच रेकॉर्ड, सिॲटलमध्ये ग्रिफीच्या पुढे जाणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. २४ सप्टेंबरला एकाच मॅचमध्ये ५९ वा आणि ६० वा मारला आणि त्याच रात्री आम्ही डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आमचा गट, जिंकलो, २००१ नंतर पहिल्यांदा. नवरात्रातली तिसरी माळ होती. आईंनी देवापुढची साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. एका सीझनमध्ये साठ आत्तापर्यंत सातच जणांनी गाठलेत, त्यातला कॅचर हा एकटा.

२००१ ला ही टीम ११६ मॅच जिंकली होती आणि तरी वर्ल्ड सीरिजला गेली नव्हती. ते आमच्या लाडक्या जपानी बॅटरचं, इचिरोचं, पहिलं वर्ष. यंदा तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, एका मतानं बिनविरोध हुकलं, आणि ऑगस्टमध्ये इथं त्याचा ५१ नंबर रिटायर केला. २००१ नंतर २०२२ पर्यंत प्लेऑफ नाही. २०२३ ला एका मॅचनं हुकलं, २०२४ ला परत एका मॅचनं. मला दया वगैरे नको असते कुणाची, पण मुंबईचा भाऊ फोनवर "तुमची टीम म्हणजे जुनी आरसीबी" म्हणाला तेव्हा फोन ठेवून दिला होता. आता तर आरसीबी पण जिंकली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला टीम ढेपाळली होती. तेव्हा कुणा एका फॅननं एत्सी नावाच्या ऑनलाइन बाजारातल्या चेटकिणीला पैसे देऊन जिंकायचा मंत्र टाकायला सांगितला आणि पुढच्या सलग दहा मॅच जिंकलो. बातमी वाचून दाखवली तर आई म्हणाल्या यात काय विशेष, दृष्ट काढली असेल. मग ह्यूस्टनला जाऊन तिन्ही मॅच जिंकलो, ज्या ह्यूस्टननं आम्हाला इतकी वर्षं रडवलं त्यांना त्यांच्याच घरी. इथं सीरिजमधल्या सगळ्या मॅच जिंकल्या की स्वीप म्हणतात आणि लोक झाडू नाचवतात. आमचं कार्टं इंडियन स्टोअरमधनं आणलेला झाडू घेऊन हॉलमध्ये नाचायला लागलं, तर आईंनी त्याच्या हातातून काढून घेतला. "लक्ष्मी आहे ती. नाचवायची नसते." मग ह्यूस्टनला झाडून काढल्याचा आनंद आम्ही रिकाम्या हातांनी साजरा केला.

मग प्लेऑफ. त्यातली डेट्रॉइटविरुद्धची पाचवी, शेवटची मॅच मी मरेपर्यंत विसरणार नाही. १० ऑक्टोबर, शुक्रवार. पाचला सुरू झाली ती रात्री दहाला संपली, एरवीच्या नऊऐवजी पंधरा इनिंग. त्यांचा बॉलर स्कूबल, त्यानं सहा इनिंगमध्ये आमचे तेरा जण स्ट्राइकआऊट केले, तेरा, आपली पोरं नुसती हवा कापत होती. मग तो गेल्यावर सातव्या इनिंगला लिओ रिव्हास नावाचा बारका पोरगा बदली म्हणून आला आणि त्यानं बरोबरी करून दिली, त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. मी स्कोअरबुक लिहिते, स्ट्राइकआऊटला के, आणि बॅट न हलवता बघत उभा राहिला तर उलटा के. तर माझ्या वहीत इनिंगचे रकाने बारा, तेराव्याला जागाच संपली. आईंनी त्यांच्या पिशवीतून मागच्या वर्षीच्या कालनिर्णयचं पान काढून दिलं, मागे त्यांचा दुधाचा हिशोब होता, त्याच्या खालच्या कोऱ्या जागेत तेरा, चौदा, पंधरा इनिंग लिहिल्या. कास्तियो आणि गिल्बर्ट, जे एरवी मॅच सुरू करतात, ते दोघं त्या दिवशी मागून येऊन बॉलिंग करून गेले, कारण बाकी कुणी उरलंच नव्हतं. शेवटी पोलांकोचा फटका आणि जे. पी. क्रॉफर्ड घरी, म्हणजे जिंकायचा रन. ३-२. खालच्या मजल्यावरचे लोक दार वाजवायला आले आणि तक्रार करायच्या ऐवजी आत येऊन बसले. आईंनी त्या पाच तासांत दोन महिन्यांच्या वाती वळल्या होत्या.

मग लीगच्या फायनलला टोरोंटो. पहिल्या दोन मॅच तिकडं जाऊन जिंकलो, हवेतच होतो. इथं येऊन दोन हरलो, १३-४ आणि ८-२, त्याबद्दल मला लिहायचं नाही.

पाचवी मॅच वसुबारसेला, शुक्रवारी दुपारी तीनला. मी कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये होते, एका कानात मीटिंग, एका कानात मॅच. सातव्या इनिंगला आपल्या ब्रायन वूचा बॉल स्प्रिंगरच्या गुडघ्यावर बसला. ताशी ९५ मैलांच्या वरचा बॉल, सरळ वाटीवर. स्प्रिंगर म्हणजे आधी ह्यूस्टनचा, २०१७ च्या त्या सिग्नल चोरीच्या, म्हणजे समोरच्या कॅचरच्या खुणा चोरणाऱ्या, टीममधला, त्यामुळे इथं त्याच्यावर कुणाचं प्रेम नाही, तो कळवळत पडला होता आणि स्टेडियममध्ये काही लोकांनी हुर्यो केली. खोटं कशाला सांगू, मलाही आतून बरंच वाटलं. बाहेर आले तर आई टीव्हीपुढे उभ्या. "अगं गुडघ्यावर लागलंय त्याला आणि ओरडताय काय? कुणाच्या गुडघ्याला असं हसू नये." मी काही बोलले नाही. पुढच्याच इनिंगला कॅलनं बरोबरी केली आणि मग सुआरेझचा ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार रन. हा सुआरेझ आधी इथंच होता, मग ॲरिझोनाला गेला, जुलैत परत आणला, माहेरपणाला आल्यासारखा, पण आल्यापासून बॅट थंड होती बिचाऱ्याची, आणि नेमका त्या दिवशी पेटला. मीटिंगमध्ये माझा माइक चालू होता हे मला नंतर कळलं.

नरकचतुर्दशीला सहावी हरलो. तीन वेळा डबल प्ले झाला, म्हणजे एकाच बॉलवर आपले दोघं आऊट. सकाळी कारीट फोडायला मिळालं नव्हतं, आवळ्याएवढी काकडी फोडली होती, नवरा म्हणतो तिथंच चुकलं.

आणि काल. हाफ डे घेतला होता. पोरानं दारात रांगोळी काढली, मॅरिनर्सचा त्रिशूळ, आईंनी व्हिडिओ कॉलवर साताऱ्याच्या सगळ्या बायकांना दाखवला आणि बायका म्हणाल्या वा, शंकराचा त्रिशूळ, नातू वळणाचा आहे हो. साडेसहाच्या आसपास अंधार पडला, चौरंगावर लक्ष्मी, वही, नवऱ्याचा लॅपटॉप, झाडू, सगळं मांडलं. आपल्या हूलिओनं तिसऱ्या इनिंगला होमरन मारलाच होता, पाचव्याला आई समई लावत असताना कॅलनं मारला, ३-१. आरती झाली, लाह्या-बत्तासे वाटले. मी अजिबात घाई केली नाही, हे नोंदवून ठेवते, कारण घरात आता तसा आरोप होतोय.

सातव्या इनिंगला वूनं एक वॉक दिला, म्हणजे फुकटचा बेस, एक हिट, मग बंट, म्हणजे बॉल नुसता टेकवला. दोघं पुढे, एक आऊट, आणि बॅटिंगला स्प्रिंगर. मी ओरडत होते मुन्योजला आणा, मुन्योजला आणा, आपला सगळ्यात भारी बॉलर आहे तो, अजून कशासाठी राखून ठेवलाय. आमचा मॅनेजर डॅन विल्सन, त्यानं बझार्डोला आणलं. विल्सन स्वतः इथलाच जुना कॅचर, चांगला माणूस आहे, वर्षभर त्यानं टीम सांभाळली आणि बझार्डोनं पण वर्षभर अशा जागा निभावल्यात, हे सगळं मला मान्य आहे. तरीपण. तरीपण मुन्योज.

स्प्रिंगरनं मारला, तीन रन. ४-३.

घरात कुणी बोललं नाही. पोरगा उशीत तोंड घालून बसला. समईची वात तडतडली तेवढाच आवाज. मग आई हळूच म्हणाल्या, "बरा झाला म्हणायचा त्याचा गुडघा."

मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं, दोन्ही एकदम. नववीला तिघं आऊट, शेवटचा हूलिओ, त्याचा के मी लिहिलाच नाही, पेन ठेवून दिलं. वहीत तो चौकोन अजून कोरा आहे.

शुक्रवारपासून टोरोंटोत वर्ल्ड सीरिज, समोर डॉजर्स. त्यांच्या ओहतानीला बघायला एरवी आवडतं मला, पण आत्ता टीव्हीच लावावासा वाटत नाही. आपले नेलर आणि सुआरेझ दोघंही फ्री एजंट होणार, म्हणजे कुठल्याही टीमला जायला मोकळे, नेलरनं राहावं असं फार वाटतं, तो जाडजूड माणूस इतका हळू पळतो आणि तरी इथं आल्यापासून एकोणीस बेस चोरले, एकदासुद्धा सापडला नाही. असा माणूस परत कुठं मिळायचा.

आज संध्याकाळी पाच वाजता आई कापसाची पिशवी घेऊन सोफ्यावर येऊन बसल्या, सवयीनं. "आज कुणाशी आहे?"

"आज नाही आई. संपलं."

"मग परत कधी?"

"मार्चच्या शेवटी."

त्यांचं तिकीट ८ नोव्हेंबरचं आहे. थोडा वेळ कापूस पिंजत बसल्या. मग म्हणाल्या, "इथं संध्याकाळी सातला लागली तर तिकडं किती वाजतील?"

म्हटलं, "सकाळचे साडेसात."

"मग पूजा आधी उरकून घेत जाईन."